भूमितीची स्पर्धा आणि तुकड्यांची उतरंड

परीक्षकाने स्पर्धेच्या निकालाबद्दल नंतर लिहू नये, असा एक संकेत आहे. तो आम्ही आज मोडत आहोत. कारण चुकीचा निकाल देणाऱ्यांत आम्हीही होतो.

२२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. २०१२ पासून तो राष्ट्रीय गणित दिवस म्हणून साजरा होतो. त्यानिमित्त टेंभुर्णीच्या एका हायस्कूलने नववीच्या तीन तुकड्यांची स्पर्धा घेतली. मैदानावर भूमितीच्या आधारे आपल्या कल्पनेतील आकृती काढायची होती. आम्ही व्यवसायाने वकील. तरीही पाहुणे म्हणून बोलावून आम्हाला परीक्षकांच्या खुर्चीवर बसविण्यात आले.

'अ' तुकडीने रंगीत रांगोळीचे अशोकचक्र काढले. चोवीस आरे, दोन आऱ्यांमध्ये पंधरा अंशांचा कोन. काम देखणे होते. 'ब' तुकडीने वर्तुळात षटकोन बसवून त्याचे कमळ केले. 'क' तुकडीकडे रांगोळी नव्हती. त्यांनी सुतळी, खुंट्या आणि फक्की आणली होती. समान अंतरावर गाठी मारून सुतळीचे बारा भाग केले. तीन, चार आणि पाच भागांचा त्रिकोण ताणून बसवला की काटकोन मिळतो. त्या काटकोनावरून मुलांनी पाच मीटर बाजूचा चौरस आखला. आत दोन खोल्या, मोरी, ओटा आणि खिडक्यांच्या जागा दाखविल्या. मधोमध पाटी ठेवली, 'घरकुल'. क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलासाठी किमान एवढीच जागा धरली आहे.

एका परीक्षकाने विचारले, "यात कल्पकता काय? हे तर गवंडीकाम झाले."

एक मुलगी पुढे आली. म्हणाली, "सर, चारी भिंती सारख्या असल्या तरी घर तिरकं बसतंय. कर्ण सारखे आले पायजेत. आमचं पप्पा तेच आधी बघत्यात." तिने टेप लावून दोन्ही कर्ण मोजून दाखविले. दोन्ही सात मीटर सात सेंटिमीटर भरले.

पुढचा प्रश्न आला, "हे कोणते प्रमेय?" तिला नाव सांगता आले नाही. गुणतक्त्यात रंगसंगती, सादरीकरण आणि सिद्धता असे रकाने होते. 'क' तुकडी तिसरी आली. तीनच तुकड्या होत्या. त्या कागदावर आमचीही सही आहे.

आता विचार करा. आयताचे कर्ण एकरूप असतात, हे नववीच्या पुस्तकात आहे. गवंडी त्याचा व्यत्यास वापरतो. समोरासमोरच्या बाजू समान असून कर्णही समान असतील, तर तो समांतरभुज चौकोन आयतच असतो. ही भूमिती नव्हे तर काय? त्या मुलीला प्रमेय ठाऊक होते, फक्त त्याचे नाव ठाऊक नव्हते. आणि आम्ही गुण दिले ते नावाला.

ही खोड आजची नाही. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाची वेदी दोरीने आखण्याचे शास्त्र शुल्बसूत्रांत आले आणि बौधायनाने कर्णाचा नियम त्यात नोंदविला. पण ज्यांनी दोरी वळली, माती मळली, विटा भाजल्या, त्या शूद्रांना त्या यज्ञाचा अधिकार नव्हता. हाताला काम दिले आणि शास्त्र मात्र दुसऱ्याच्या नावावर लावले. महात्मा फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी बहुजनांच्या मुलांना शेतीचे ज्ञान शाळेतच द्या, अशी मागणी केली. श्रमाचे ज्ञान हे ज्ञानच आहे, हाच तिचा अर्थ.

मूळ प्रश्न तुकड्यांचा आहे. त्या शाळेत आठवीच्या गुणांवर नववीच्या तुकड्या पाडल्या होत्या. 'क' तुकडीत बिगाऱ्यांची, ऊसतोड्यांची, एमआयडीसीतल्या रोजंदारीवरच्या कामगारांची मुले अधिक. गाळपाचा हंगाम असल्याने काही बाके रिकामीच होती. उतरंडीतले मडके जिथे ठेवले तिथेच राहते. अशा तुकड्यांची आपसात स्पर्धा लावायची आणि निकालाला गुणवत्ता म्हणायचे, हा कोणता न्याय?

कायदाही येथे अपुरा पडतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशाच्या वेळी मुलांना चाळणी लावण्यास मनाई केली. पण तो कायदा आठवीपर्यंत, सहा ते चौदा वयोगटासाठी आहे. नववीत, जिथे भूमितीची खरी सिद्धता सुरू होते, तिथे मूल त्याच्या छत्राबाहेर पडते. दहावीला भूमितीचा चाळीस गुणांचा स्वतंत्र पेपर असतो. पुढचा डिप्लोमा, इंजिनीअरिंग, आर्किटेक्चर यांचे दार तिथूनच उघडते किंवा बंद होते.

म्हणून आमचे मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना सांगणे आहे. स्पर्धा जरूर घ्या. पण संघ तिन्ही तुकड्यांतील मुले मिसळून करा. गुणतक्त्यातील रंगसंगतीचा रकाना काढा आणि 'तू हे कसे तपासलेस?' हा प्रश्न घाला. 'क' तुकडीच्या मुलीने दोरी धरावी, 'अ' तुकडीच्या मुलाने सिद्धता लिहावी, आणि मग दोघांनी जागा बदलाव्यात. तिला प्रमेयाचे नाव मिळाले पाहिजे, त्याला दोरी ताणता आली पाहिजे. पालकांनीही तुकड्या कशाच्या आधारे पाडल्या, हे शाळेला लेखी विचारावे. विचारणे हा गुन्हा नाही.

पुढच्या २२ डिसेंबरला बोलावणे आले, तर आम्ही टेंभुर्णीला जाऊ. पण सही करण्याआधी गुणतक्ता वाचून पाहू.