अडून बसलेला नट

शीर्षक वाचून कुणाला तिसरी घंटा झाली तरी रंगपटातून बाहेर न येणारा एखादा रुसलेला नट आठवला असेल, तर त्याची थोडी निराशा होणार आहे. मराठी शिकवणाऱ्या बाईने नाटकातल्या नटावर लिहावे हे रीतीला धरून आहे. पण माझा नट लोखंडाचा आहे, तेरा नंबरच्या पान्याचा आहे आणि आमच्या जुन्या मोटारीच्या एक्झॉस्टवर बसलेला आहे. तरी दोघांचा स्वभाव एकच. दटावून दोघेही हलत नाहीत, आणि फार ओढाताण केली तर प्रयोगच बंद पडतो!

मोटार वडिलांची, १९७९ सालची. तिच्या कंपनीचे नाव सांगत नाही, कारण गंजाला कंपनी नसते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला आणि भंडारा शहराच्या सखल भागांत पाणी शिरले, तेव्हा ही गाडी अंगणात दोन दिवस पाण्यात उभी होती. इंजिन पुढे सुरू झाले, पण पुराने मागे ठेवलेली खूण काही वर्षांनी बोलू लागली. इंजिनातून धूर बाहेर नेणारी नळी जिथे जोडलेली असते त्या सांध्यातून फटफट आवाज येऊ लागला. आवाजाचे मला काही वाटले नसते. पण महिन्यातून एकदा आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी नागपूरला न्यावे लागते. साठ-बासष्ट किलोमीटरचा रस्ता. हल्ली परतताना तिचे डोके दुखू लागे. मोटारीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो आणि डोकेदुखी ही त्याची पहिली वर्दी असते. आईचे डोके त्यानेच दुखत होते असे मी म्हणत नाही. पण संशय आल्यावर तिला त्या गाडीत बसवणे मला जमेना.

सांध्यातले गास्केट बदलायचे, म्हणजे तीन नट काढायचे. दोन निघाले. तिसरा बसून राहिला.

एका गॅरेजवाल्याने पाहून सांगितले, "मॅडम, हा तुटणार. तुटला की मॅनिफोल्ड उतरवावा लागेल, आणि एवढ्या जुन्या गाडीचा तो आता कुठून आणायचा?" पुण्याच्या भावाने फोनवर एका वाक्यात निकाल दिला, "भंगारात दे." आई काही बोलली नाही. वडील गेल्यापासून गाडीचा विषय निघाला की ती गप्पच असते.

येथे एक शब्दाची गंमत सांगायला हवी. मी मूळची पश्चिम महाराष्ट्रातली. शेजारच्या काकांना मी म्हटले, "नटाला फार गंज चढलाय हो." ते माझ्याकडे पाहतच राहिले. विदर्भात गंज म्हणजे पातेले! पितळेच्या भांड्यांसाठी नाव मिळवलेल्या या गावात लोखंडावर पातेले कसे चढेल? इथे चढतो तो जंग. काकांनी उमेदीची वर्षे एस. टी.च्या आगारात घालवलेली. त्यांनी बॉनेटमध्ये डोके घातले, नटावर बोट फिरवले आणि म्हणाले, "जोर नोको लावू, बाई. त्याले आधी तेल पिऊ दे."

नट जाम होतो म्हणजे काय होते? लोखंड गंजले की झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो. नटाच्या आणि बोल्टाच्या आट्यांमध्ये केसाहून बारीक फट असते, ती या फुगलेल्या गंजाने ठासून भरते. एक्झॉस्टवर तर रोज तापणे आणि निवणे चालू, वर आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने. मग पाचर मारल्यासारखी ती जोडी एकजीव होते. अशा वेळी लांब दांड्याचा पाना घालून त्यावर लोंबकळणे म्हणजे पाचर तशीच ठेवून लाकूड फोडणे. नट हलत नाही. त्याच्या आतला आठ मिलिमीटरचा स्टड मोडतो.

काकांनी आधी तारेच्या ब्रशाने आटे स्वच्छ केले, मग जंग सोडवणारे पातळ तेल सोडले. या कामाला घरोघरी पोचलेले डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झाले. चाळिसाव्या प्रयत्नात जमले म्हणून नावात चाळीस. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून त्याचा पहिला उपयोग झाला. काकांच्या बाटलीत काय होते ते त्यांनी सांगितले नाही. वास रॉकेलचा येत होता. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे ते फटीतून आत चढते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी तेल, सकाळी तेल, मधूनमधून नटाच्या कडांवर हातोडीची हलकी टकटक. टकटक कशाला? तर आतल्या गंजाला तडे जावेत आणि तेलाला वाट मिळावी.

दुसऱ्या दिवशी पाना लागला. उघड्या तोंडाचा नव्हे, कारण तो दोनच बाजूंना धरतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. सहाही बाजूंना घट्ट बसणारा गोटी पाना. आणि गंमत पाहा, काकांनी नट सोडवण्याआधी तो किंचित आवळायला सांगितला! उलट दिशेने चिकटलेला सांधा पुष्कळदा आधी आवळण्याच्या बाजूने सुटतो म्हणे. पाना त्यांनी माझ्या हातात दिला. मी दाबला, आणि हाताला तो रबरासारखा लचकल्यासारखा वाटला. "थांब!" काका ओरडले. नट सुटतो तेव्हा 'कट्' असा कोरडा आवाज येतो. हात मऊ लागला, तर समजावे की नट जागीच आहे आणि स्टड पिळवटतो आहे. आणखी पाव फेरा, की संपले. ही गोष्ट पुस्तकात वाचून कळत नाही. तळहाताला एकदा कळावी लागते.

तिसऱ्या दिवशी आग. गाडी अंगणाच्या मोकळ्या बाजूला ढकलली, बॅटरीची वायर काढली, पेट्रोलच्या नळीवर ओले पोते घातले, तेलाचा थेंबन्‌थेंब पुसला, वाळूची बादली जवळ ठेवली. एवढी तयारी जमणार नसेल, तर वाचकहो, घरी ज्योत लावूच नये, कारागिराकडे जावे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती तापवून फुगवतो, तीच ही युक्ती. फक्त मापे सूक्ष्म आहेत. आठ मिलिमीटरचे भोक तीनशे अंशांनी तापवले, तर जेमतेम ०.०३ मिलिमीटरने मोठे होते, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याएवढे. पण गंजाची पकड तेवढ्यानेही मोडते. ज्योत नटावर धरायची, स्टडवर नाही. नट तापल्यावर काकांनी ज्योत विझवून आट्यांना मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आत ओढले गेले. थोडे निवू दिले, पुन्हा पाना लावला.

कट्!

मग घाई नाही. पाव फेरा सोडायचा, तितकाच परत आवळायचा, पुन्हा सोडायचा. अर्ध्या तासाने नट माझ्या हातात आला. आतून काळपट तांबडा, वर मेणाचा ओघळ. आई दारात उभी राहून सगळे पाहत होती. "ते असते तर पहिल्याच दिवशी चिडून हातोडा घातला असता," ती म्हणाली आणि हसली. गाडीबद्दल तिने बोलायला किती महिने गेले होते!

नव्या नटांसाठी काकांनी मला लोखंडाच्या दुकानात जाऊ दिले नाही. गावातल्या लेथवर पितळेचे तीन नट करून घेतले. एक्झॉस्टवर पितळी नट लावायची रीत जुनीच आहे. पितळेला लोखंडासारखा जंग चढत नाही, आणि ते मऊ असल्याने पुढेमागे अडलेच तर नट झिजतो, स्टड वाचतो. स्टीलने पितळी भांड्यांना स्वयंपाकघरातून मागे सारले, तरी या कामी स्टीलचे काही चालत नाही. मात्र तापल्यावर पितळ लोखंडापेक्षा अधिक पसरते, म्हणून पहिल्या प्रवासानंतर इंजिन निवल्यावर नट एकदा पुन्हा आवळून पाहावेत.

गेल्या महिन्यात नागपूरहून आल्यावर मी ते पाहिले. दोन जागचे हलले नव्हते, एक थोडासा फिरला. आई गाडीतच झोपली होती. मौद्याच्या पुलावरही तिला जाग आली नाही.