स्कॉटिश पेपरवेट: निनावी काचेचा कर्ता कसा शोधावा

विसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये घडलेल्या अनेक सुंदर काचेच्या पेपरवेटवर ते घडवणाऱ्याचं नाव नाही. कागदी लेबलं होती, ती केव्हाच गळून पडली. तरी कोणत्या कारखान्यात आणि पुष्कळदा कोणाच्या हातून ते घडलं, हे काचेतूनच वाचता येतं. त्यासाठी खुणा कोणत्या क्रमाने तपासायच्या आणि कोणत्या खुणेवर किती भिस्त ठेवायची, हे माहीत असावं लागतं.

आधी वंशावळ लक्षात घेऊ, कारण तिच्यावाचून पुढचं काही उलगडत नाही. बार्सिलोनाचा साल्व्हादोर इसार्त हा काचकाम करणारा कारागीर 1915 मध्ये स्कॉटलंडला आला आणि 1922 मध्ये पर्थच्या मॉनक्रिफ कारखान्यात रुजू झाला. तिथे 1924 पासून 'मोनार्ट' नावाची रंगीत काच निघू लागली. त्याचा थोरला मुलगा पॉल याने 1930 च्या दशकात पेपरवेटवर हात बसवला. दुसऱ्या महायुद्धानंतर साल्व्हादोरने ऑगस्टिन आणि व्हिन्सेंट या मुलांसह वेगळा कारखाना काढला. त्यांच्या काचेचं नाव 'व्हासार्ट'. 1960 च्या दशकाच्या मध्यावर हाच व्यवसाय क्रीफ गावी 'स्ट्रॅथर्न' या नावाने चालू लागला. तिथून बाहेर पडून स्टुअर्ट ड्रायस्डेल यांनी 1968 मध्ये 'पर्थशायर पेपरवेट्स' सुरू केलं आणि ते 2002 पर्यंत चाललं. पॉल मात्र मॉनक्रिफमध्येच राहिला. पुढे तो उत्तरेला विक इथल्या 'केथनेस ग्लास'मध्ये गेला आणि 1970 च्या दशकात त्याने स्वतःचा कारखाना थाटला. विल्यम मॅन्सन आणि पीटर होम्स यांनी त्याच्याच हाताखाली धडे घेतले. म्हणजे स्कॉटिश पेपरवेटचे बहुतेक धागे या एका कुटुंबाशी जाऊन मिळतात. ओळख पटवणं अवघड होतं तेही त्यामुळेच.

आता पेपरवेट उलटं करा. वितळलेली काच लोखंडी सळईच्या टोकावर घेऊन काम चालतं आणि शेवटी ती सळई तोडून सुटी करतात. त्या जागी बुडाशी वण राहतो. तो खडबडीत सोडला आहे, घासून सपाट केला आहे की घासून खोलगट करून चकाकवला आहे, हे पाहा. प्रत्येक कारखान्याची यात आपली सवय असते. स्ट्रॅथर्नच्या काही वस्तूंवर या जागी उडी मारणाऱ्या सामन माशाचा ठसा दिसतो. तो दिसला की अर्धं काम झालं. केथनेसच्या पेपरवेटच्या बुडावर बहुधा कंपनीचं नाव, नक्षीचं नाव आणि मर्यादित आवृत्तीचा क्रमांक कोरलेला असतो. 1977 मध्ये होम्स यांनी काढलेल्या 'सेल्कर्क ग्लास'च्या बुडांवरही कोरीव नाव सापडतं.

मग वरून, दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून आत बघा. आत दिसणारी रंगीत फुलं म्हणजे काचेच्या कांड्यांचे काप. तापलेल्या रंगीत काचेवर दुसऱ्या रंगाचा थर चढवतात, ती चांदणीच्या किंवा दातेरी चक्राच्या आकाराच्या साच्यात दाबतात, पुन्हा तापवतात आणि दोघे जण दोन टोकं धरून विरुद्ध दिशांना चालत जाऊन ती ओढतात. पेन्सिलीएवढी बारीक झाली तरी आतली नक्षी तशीच राहते. अळूवडीचा उंडा कुठेही कापला तरी प्रत्येक वडीत तेच वेटोळं निघावं, तशी. या कांडीचे छोटे काप रचून त्यांवर गरम काच टेकवून ते उचलतात आणि वर पारदर्शक घुमट चढवतात.

साचा लोखंडाचा आणि कारखान्याच्या मालकीचा असतो, म्हणून भिंगाखाली चक्राचे दाते मोजा. किती दाते आहेत, ते टोकदार आहेत की गोलसर, मध्यावर काय आहे, थरांच्या रंगांचा क्रम कसा आहे, हे सगळं टिपून घ्या. मग कर्ता निश्चित माहीत असलेल्या पेपरवेटच्या छायाचित्रांशी ताडून पाहा. दोन-तीन वेगवेगळ्या कांड्या जुळल्या तर पुरावा भक्कम झाला. एकच जुळली तर थांबा. कारागीर कारखाना बदलताना हातोटी बरोबर नेत, आणि एका कारखान्याच्या कांड्या दुसरीकडेही पोचत.

काही कांड्यांत आद्याक्षरं असतात. पॉल इसार्तच्या निवडक कामात 'पी' आणि 'वाय' दिसतात, पर्थशायरमध्ये 'पी', जॉन डीकन्स या कारागिराच्या कामात 'जे' आणि 'डी', मॅन्सनच्या कामात 'डब्ल्यू' आणि 'एम'. ही अक्षरं सापडल्यावर आनंद होतो आणि नेमकं तिथेच सावध राहायला हवं. पॉलची अक्षरं घातलेली बनावट पेपरवेट बाजारात आलेली आहेत. आजूबाजूच्या कांड्या, रंग आणि बूड अक्षरांना दुजोरा देत नसतील, तर एकट्या अक्षरांवर विसंबू नका. उलट, अक्षरं नाहीत म्हणून ते पॉलचं नाहीच असंही समजू नका. त्याचं बरंचसं काम निनावी आहे.

यानंतर मांडणी बघा. पिळाच्या कांड्यांनी चाकाच्या आऱ्यांसारखे भाग पाडायचे आणि मधल्या जागांत फुलं भरायची, ही रचना इसार्त कुटुंबाच्या कामात, व्हासार्टमध्ये आणि स्ट्रॅथर्नमध्ये सारखीच भेटते. त्यामुळे ती घराणं सांगते, कारखाना नाही. रंग थोडी मदत करतात: व्हासार्टमध्ये फिकट गुलाबी, निळ्या, हिरव्या छटा पुष्कळ आढळतात. कांडीतच पक्षी किंवा प्राण्याची बारीक आकृती उमटवलेली असेल, तर पर्थशायरचा विचार आधी करावा.

शेवटी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावा. प्रत्येक कारखान्याचं काचेचं मिश्रण वेगळं, त्यामुळे झळाळीही वेगवेगळी दिसते. पण ही परीक्षा तुलनेची आहे. कर्ता निश्चित असलेलं पेपरवेट शेजारी ठेवूनच ती करा. दोघांची झळाळी अगदी निराळी निघाली, तर ती दोन्ही एकाच मिश्रणातून आलेली नाहीत. झळाळी सारखी निघाली तर मात्र एवढ्यावरून कारखाना सिद्ध होत नाही.

संग्रहाच्या वहीत प्रत्येक पेपरवेटसाठी बुडाचं, बाजूच्या घाटाचं आणि कांड्यांचं जवळून घेतलेलं छायाचित्र लावा, शेजारी व्यास लिहा. निष्कर्षाच्या रकान्यात 'पॉल इसार्त' असं तेव्हाच लिहा, जेव्हा बूड, कांड्या आणि मांडणी एकच गोष्ट सांगतात. दोनच खुणा जुळल्या तर 'बहुधा व्हासार्ट' लिहा, आणि एकच जुळली तर नुसतं 'स्कॉटिश'. नामवंत कारागिराचं नाव लावल्याने किंमत वाढते, म्हणून घाईने नाव लावायचा मोह सगळ्यांना होतो. पण चुकीचं नाव एकदा चिकटलं की ते विक्रीगणिक पुढे जातं, आणि भट्टीसमोर ज्याने ते खरोखर घडवलं त्याचं श्रेय कायमचं दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं.