विश्लेषण : झाड छाटायला परवानगी लागते, झाडावर चढणाऱ्याला काय लागते?

मे महिना आला की वसई-विरारमध्ये दोन कामांची घाई सुरू होते. एक नालेसफाई, दुसरे झाडांची छाटणी. नाला तुंबला की फोटो व्हायरल होतात, फांदी पडली की तक्रारी होतात. पण ती फांदी कापण्यासाठी ३०-४० फुटांवर कोण चढतो, त्याच्या कमरेला काय बांधलेले असते आणि तो पडला तर जबाबदारी कोणाची, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. परदेशात या कामाला ‘ट्री सर्जन’ म्हणजे झाडांचा शल्यचिकित्सक म्हणतात आणि त्यासाठी रीतसर प्रशिक्षण असते. आपल्याकडे त्याला फक्त ‘झाडवाला’ म्हणतात. या झाडवाल्याचे काम नेमके कसे चालते?

वसई-विरारमध्ये झाडांवर चढणारे कोण?

ढोबळमानाने दोन प्रकारचे लोक. पश्चिम पट्ट्यात, म्हणजे अर्नाळा, आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव या भागांतल्या वाड्यांमध्ये नारळ, सुपारी आणि ताड आहेत. नारळ उतरवणे, झावळ्या काढणे, ताडी काढणे ही कामे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ताडीचा व्यवसाय किनाऱ्यावरच्या भंडारी समाजाशी जोडलेला होता.

दुसरा प्रकार रेल्वे स्थानकांच्या आसपास वाढलेल्या शहरातला. सोसायट्यांच्या आवारात आणि रस्त्याकडेला गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, जंगली बदाम, पिंपळ अशी फांद्यांची झाडे असतात. ती छाटण्याचे काम महापालिकेचे ठेकेदार, वीजवाहिन्यांलगत महावितरणची माणसे आणि खासगी आवारात रोजंदारीवरचे मजूर करतात. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ पालघर किनाऱ्याजवळून पुढे सरकले, तेव्हापासून अनेक सोसायट्या पावसाळ्याआधीच्या छाटणीबाबत जास्त सावध झाल्या आहेत.

ही दोन्ही कामे वरून सारखी दिसतात, पण तंत्र वेगळे आहे. नारळाला फांदी नसते, त्यामुळे वर दोर अडकवायला जागा नसते. खोडालाच धरून चढावे लागते. गुलमोहराला फांद्या असतात, पण त्याचे लाकूड ठिसूळ. जी फांदी आधाराची वाटते, तीच मोडू शकते.

नारळावर चढण्याच्या पद्धतीत काय बदलले?

जुनी पद्धत साधी. पायात दोरीचा फास, दोन्ही तळव्यांची खोडावर पकड, कमरेला कोयता. काही ठिकाणी पाय ठेवण्यासाठी खोडात खाचा पाडतात. खाचांमुळे चढणे सोपे होते, पण झाडाची जखम कायमची राहते. नारळाचे खोड आंब्यासारखे नवी साल धरून जखम झाकत नाही. अशा उघड्या जखमांतून सोंड्या भुंगा आत शिरतो. वरून हिरवे दिसणारे झाड आतून पोखरले गेले, की पुढच्या वर्षी चढणाऱ्याचाच जीव धोक्यात येतो.

यावर केरळमधून एक उपाय आला. कण्णूर जिल्ह्यातल्या चेंपेरी गावच्या एम. जे. जोसेफ यांनी पायाने चालवायचे शिडीयंत्र तयार केले. दोन लोखंडी चौकटी आणि त्यांना जोडलेली तारेच्या दोराची दोन वेटोळी. एका पायावर भार दिला की त्या बाजूचे वेटोळे खोडाला घट्ट आवळते, तेवढ्यात दुसऱ्या पायाने दुसरी चौकट वर सरकवायची. जिना चढावा तसे माणूस वर जातो. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला, त्यात हेच यंत्र तरुणांच्या हाती दिले. या मंडळाचे एक प्रात्यक्षिक व रोपनिर्मिती क्षेत्र आपल्या पालघर जिल्ह्यातही आहे.

मग सगळे यंत्र का वापरत नाहीत? कारण मजुरी बहुतेक वेळा झाडामागे मिळते. प्रत्येक झाडाला यंत्र लावायचे, काढायचे, पुढच्या झाडाकडे न्यायचे यात वेळ जातो. सरावलेला माणूस तेवढ्यात दुसरे झाड उतरवून मोकळा होतो. शिवाय यंत्र चढायला मदत करते, पडण्यापासून वाचवायला नाही. त्यासाठी वेगळा सुरक्षा पट्टा लागतोच.

फांद्यांच्या झाडासाठी कोणती साधने लागतात?

सह्याद्रीतले सुळके चढणाऱ्यांना ही यादी ओळखीची वाटेल. मूळ कल्पना एकच आहे : माणसाचा भार हातापायांवर नाही, दोरावर.

हार्नेस : कंबर आणि मांड्यांभोवती बसणारा पट्ट्यांचा साज. झाडावरच्या हार्नेसला दोन्ही बाजूंना कड्या असतात, म्हणजे लटकून दोन्ही हात मोकळे ठेवता येतात.

मुख्य दोर : आत भार घेणारा गाभा आणि बाहेर विणलेले आवरण असा, साधारण ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा. वरच्या जाड, जिवंत फांदीच्या बेचक्यातून तो घेतात.

प्रुसिक गाठ : मुख्य दोरावर बारीक दोरीने मारलेली गाठ. हाताने ढकलली तर सरकते, भार आला की आवळते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये ती प्रसिद्ध केली. आता तिच्या जागी यांत्रिक उपकरणेही मिळतात.

लॅनयार्ड : खोडाभोवती फिरवून दोन्ही कड्यांत अडकवायचा छोटा दोर. करवत चालवताना मुख्य दोराबरोबर हा दुसरा आधार हवाच. चेनसॉ वापरायची असेल तर स्टीलचा गाभा असलेला लॅनयार्ड घेतात.

कॅराबिनर : आपोआप बंद होणारी आणि लॉक असलेली कडी. तिच्यावर २२, २५ असे आकडे आणि ‘केएन’ अशी खूण असते. एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलोचा भार.

याशिवाय हनुवटीला पट्टा असलेले हेल्मेट, डोळ्यांसाठी गॉगल आणि वाकड्या पात्याची हातकरवत. काटे लावलेले बूट मात्र फक्त पूर्ण तोडायच्या झाडासाठी. जे झाड ठेवायचे आहे, त्यावर काट्यांनी चढणे म्हणजे प्रत्येक पावलाला एक जखम.

कमरेला साधा दोर बांधला तर काय बिघडते?

अनेकदा ‘दोर बांधलाय ना’ एवढ्यावर समाधान मानले जाते. थोडे गणित करून पाहू. ७० किलोचा माणूस कमरेला नायलॉनचा दोर बांधून चढला. दोर दोन मीटर ढिला आहे. तो घसरला आणि दोराने त्याला पुढच्या १० सेंटिमीटरमध्ये थांबवले. त्या क्षणी कमरेवर आणि बरगड्यांवर येणारा सरासरी झटका जवळपास दीड टनाचा असतो. दोर तुटणार नाही, पण माणूस तुटेल.

म्हणूनच पडझड रोखणाऱ्या संचात एनर्जी अॅब्सॉर्बर नावाची शिवलेली घडी असते. झटका बसला की शिवण उसवत जाते आणि भार सहा किलोन्यूटनच्या आसपास मर्यादित राहतो. झाडावरचे तंत्र त्याहून सोपे आहे : दोर सतत डोक्याच्या वर आणि ताणलेला ठेवायचा. ढील नाही, तर झटकाही नाही. आणि दोरच नसेल तर? ३० फुटांवरून खाली येताना वेग ताशी जवळपास ४८ किलोमीटर होतो.

ब्रिटनमधल्या वृक्षकाम उद्योगाच्या २०२०च्या आचारसंहितेने यापुढचे पाऊल टाकले. झाडावर काम करताना एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन आधार हवेत, एक निकामी झाला तरी दुसरा धरून ठेवेल, असे तिथे अपेक्षित आहे.

करवत कुठे चालवायची, हे का महत्त्वाचे?

जड फांदी वरून एकाच घावात कापली, तर ती अर्धवट तुटून खोडाची साल ओरबाडत खाली येते. ती कुठे झोकांडेल याचा भरवसा नसतो, आणि कापणारा तिथेच लटकलेला असतो. म्हणून तीन काप घेतात. पहिला खोडापासून थोड्या अंतरावर, खालच्या बाजूने, अर्धवट. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून. इथे फांदी पडते. तिसऱ्या कापात उरलेला खुंट काढायचा, पण फांदीच्या बुडाशी असलेला फुगीर कडा सोडून. झाड आपली जखम त्या कड्यातूनच बंद करते.

शेंडा मारून झाड बोडके करणे स्वस्त पडते. पण त्यानंतर फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात. दोन-तीन पावसाळ्यांत तेच सर्वात आधी मोडतात आणि पुन्हा कोणालातरी वर चढावे लागते.

विजेच्या तारांचा धोका किती?

उच्चदाबाच्या उघड्या तारेला हात लागायची गरजही नसते. ओली फांदी किंवा लांब दांड्याची धातूची करवत पुरेशी आहे. तारेजवळच्या झाडावर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय चढू नये. ‘फक्त एकच फांदी आहे’ हे कारण इथे चालत नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. ‘तोडणे’ या शब्दाच्या व्याख्येत जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सारे येते. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज ट्री’चा दर्जा दिला. परवानगीची ही सारी रचना झाडाभोवती आहे, आणि ती हवीच. पण त्या अर्जात वर चढणारा माणूस कुठेच दिसत नाही.

कामगार कायद्याला मात्र हा धोका माहीत आहे. १९२३च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ताडवर्गीय झाडांतून रस काढणे आणि झाडे तोडणे या कामांचा उल्लेख आहे. हा कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. अडचण वेगळीच आहे : रोख पैसे, तोंडी ठरलेले काम, नाव-गाव न लिहिलेला मजूर. अपघातानंतर त्याला कामावर कोणी ठेवले हेच सिद्ध करता येत नाही.

सोसायटीने किंवा वाडीमालकाने काय पाहावे?

• महापालिकेची लेखी परवानगी आधी, कोयता नंतर.
• ठेकेदाराकडून चढणाऱ्यांची नावे आणि अपघात विम्याची प्रत घ्यावी.
• हार्नेस, हेल्मेट आणि दोर काम सुरू होण्याआधी बघावा. दोराचे आवरण फाटलेले किंवा उन्हाने कडक झालेले असेल तर काम थांबवावे.
• खाली किमान एक माणूस असा हवा, जो वर चढून अडकलेल्याला उतरवू शकेल. बेशुद्ध अवस्थेत हार्नेसमध्ये लटकून राहणे काही मिनिटांतच जीवघेणे ठरू शकते. अरुंद गल्लीत अग्निशमन दलाची शिडी पोहोचेलच असे नाही.
• झाडाखालचा भाग दोरी लावून बंद करावा, गाड्या आधीच हलवाव्यात.
• पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर काम पुढे ढकलावे.
• दर ठरवताना साधने आणि दुसरा माणूस यांचा खर्च धरावा. सर्वात कमी दर सांगणाऱ्याने बहुतेक वेळा याच दोन गोष्टी वगळलेल्या असतात.