विमान रद्द झालं, मेसेज कोणाला गेला?

विमान रद्द झालं की काउंटरवर एक वाद हमखास ऐकू येतो. प्रवासी म्हणतो, 'आम्हाला काहीच कळवलं नाही.' कर्मचारी म्हणतो, 'मेसेज पाठवला होता.' पुष्कळदा दोघंही खरंच बोलत असतात. तिकीट एजंटाने काढलेलं असतं आणि संपर्कासाठी त्याने स्वतःचाच मोबाईल नंबर टाकलेला असतो. निरोप रात्री अकराला त्याच्या फोनवर येऊन पडतो. पहाटे चारला टॅक्सी करून विमानतळावर निघालेल्या आजी-आजोबांना त्याचा पत्ताच नसतो.

असा मेसेज म्हणजे कंपनीचं सौजन्य, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते बंधन आहे आणि भरपाईही त्यावरच ठरते. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमानुसार उड्डाण रद्द झाल्याचं २४ तास आधी कळवलं, तर कंपनीने पर्यायी विमान किंवा परतावा द्यायचा. तसं कळवलं नाही, तर वर भरपाईही: तासाभराच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांत जे कमी असेल ते. मात्र तिकीट काढताना संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल, तर ही भरपाई मिळत नाही.

'हवामान खराब' म्हटलं की पैसे बुडाले, हाही गैरसमजच. अशा वेळी भरपाई मिळत नाही, पण रद्द झालेल्या तिकिटाचा परतावा मिळतो. तो 'क्रेडिट'मध्ये ठेवायचा की खात्यात घ्यायचा, हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने नाही.

सगळ्यात जास्त राग येतो तो तासातासाने पुढे जाणाऱ्या वेळेचा. 'इथे लख्ख ऊन आहे, मग कसलं धुकं?' असं पुण्यात कोणी विचारतं. पण आपल्याला नेणारं विमान दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं असतं. ते धुकं कधी विरेल हे खात्रीने सांगता येत नाही. तोवर वैमानिकांच्या ड्यूटीचे तास संपले, तर दुसरे शोधावे लागतात. हे निर्णय कंपनीच्या नियंत्रण कक्षात होतात. काउंटरवरच्या मुलीला अनेकदा आपल्या फोनवर दिसतं तेवढंच दिसतं. तिच्यावर ओरडून विमान येत नाही.

म्हणून कंपनीने गप्प बसावं असं मुळीच नाही. नक्की वेळ ठाऊक नसेल, तर तेही स्पष्ट सांगायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीतल्या धुक्याने शेकडो प्रवासी ताटकळले, तेव्हा डीजीसीएने कंपन्यांना बजावलं: उशिराची ताजी, अचूक माहिती वेबसाइटवर द्या आणि प्रवाशांना एसएमएस, व्हॉट्सॲप, ईमेलवर आधीच कळवा.

देशांतर्गत विमान नुसतं उशिरा सुटलं, तर रोख भरपाईचा नियम नाही. उशीर सहा तासांहून जास्त होणार असेल, तर मात्र दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो.

तेव्हा पुढचं तिकीट एजंटाकडून काढाल, तेव्हा प्रवास करणाऱ्याचाच नंबर टाकायला सांगा आणि कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर उघडून तो तपासून घ्या. मेसेज आला की त्याच्या वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही, तर सरकारच्या 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार करताना तोच पुरावा कामी येतो.