निळ्या किरणाची लेखणी

लहानपणी भिंगाने ऊन गोळा करून कागद जाळला असेल, तर घरगुती लेझर कोरणीयंत्राचं तत्त्व तुम्हाला आधीच ठाऊक आहे. इथे सूर्याच्या जागी डायोड असतो. त्यातून निघणाऱ्या निळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 450 नॅनोमीटर. ताकद म्हणाल तर जेमतेम 5 वॅट, म्हणजे एका छोट्या एलईडी बल्बाच्या विजेएवढी! पण ती सगळी 0.1 मिलिमीटरच्या ठिपक्यात एकवटली, की तिथली तीव्रता भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे सहा लाख पट होते. लाकूड तिथल्या तिथे कोळपतं.

प्रत्येक लाकूड वेगळं वागतं, आणि मला या छंदातली खरी मजा इथेच वाटते. पाइनच्या फळीत वाढीच्या वलयांचा मऊ भाग खोल जळतो, कठीण रेषा उंच राहतात. साध्या अक्षरांवरही लाटा उठतात. म्हणून आधी त्याच फळीच्या तुकड्यावर वेग आणि ताकद बदलत छोटे चौकोन कोरून पाहावेत. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर मात्र काहीच उमटत नाही, कारण निळा प्रकाश त्यातून आरपार जातो.

पीव्हीसी किंवा रेक्झिन चुकूनही यंत्राखाली ठेवू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक, यंत्रालाही गंजवणारा. चकाकत्या धातूवरून परावर्तित झालेला किरणही क्षणात दृष्टिपटल जाळू शकतो. त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा हवाच, साधा गॉगल चालत नाही. धूर बाहेर नेणारा पंखा लावा आणि यंत्र चालू असताना खोली सोडू नका.