नव्वद दिवसांचं घड्याळ

मामांच्या तीन ठेव पावत्या होत्या. बँक एकच, सहकारी. शाखा मात्र तीन. एक तालुक्याच्या गावची, एक जिल्ह्याच्या ठिकाणची, एक लेकीच्या सासरची. प्रत्येक पावती नव्वद हजारांची. एसटीत वाहक म्हणून आयुष्य काढलेला हा माणूस हिशेबाला पक्का. लाखापर्यंतच्या ठेवीला विमा असतो हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं, म्हणून प्रत्येक शाखेत रक्कम लाखाच्या आत. २०१४मध्ये बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, शाखेच्या जाळीच्या दारावर नोटीस चिकटली आणि मग कळलं की विमा शाखेला नसतो, पावतीलाही नसतो. तो ठेवीदाराला असतो आणि एका बँकेच्या सगळ्या शाखांमधल्या त्याच्या ठेवी मिळून, व्याजासकट, एकदाच मोजतात. म्हणजे दोन लाख सत्तर हजारांतले एक लाख खात्रीचे. बाकी रामभरोसे.

"बरं, ते एक लाख तरी कधी?" मामांनी विचारलं. बँकेतल्या मुलीनं वर पाहिलं आणि पुन्हा संगणकाकडं पाहिलं.

तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच नव्हतं.

ठेव विम्याची गोष्ट १९६०मध्ये सुरू होते, आणि तिचं एक टोक आपल्या अकोल्यात आहे. त्या वर्षी दोन बँका बुडाल्या: अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलई सेंट्रल बँक. पलई ही लहानसहान बँक नव्हती. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं ती बंद करण्यासाठी केरळ उच्च न्यायालयात अर्ज केला तेव्हा संसदेत गदारोळ झाला आणि चांगल्या बँकांच्या दारातही ठेवीदारांच्या रांगा लागल्या. ठेवींना विमा हवा, ही सूचना बंगालमधल्या बँका कोसळल्या तेव्हापासून, म्हणजे चाळिशीच्या दशकाच्या अखेरीपासून, समित्यांच्या अहवालांत फिरत होती. तिला कायद्याचं रूप यायला दोन बँका बुडाव्या लागल्या. १ जानेवारी १९६२पासून ठेव विमा महामंडळ सुरू झालं. अमेरिकेनंतर अशी सोय करणारा भारत हा दुसरा देश, असं अभिमानानं सांगितलं जातं. त्या दिवशीची मर्यादा होती दीड हजार रुपये.

पुढं ही मर्यादा थांबत थांबत वाढली. १९६८ला पाच हजार, १९७०ला दहा, १९७६ला वीस, १९८०ला तीस, १९९३ला एक लाख. आणि मग सत्तावीस वर्षं काहीच नाही. या काळात पगार, घरं, औषधं, सगळं कुठल्या कुठं गेलं. विमा एक लाखावर बसून राहिला. फेब्रुवारी २०२०मध्ये तो पाच लाख झाला, तोही पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे, म्हणजे पीएमसीचे, खातेदार मुंबईत रस्त्यावर उतरल्यानंतर.

पण मला जास्त खुपतं ते वेगळंच. सगळी चर्चा किती यावर झाली. कधी यावर जवळपास साठ वर्षं कुणी बोललंच नाही. घड्याळ कायद्यात होतं, पण त्याची किल्ली भलत्याच ठिकाणी होती. परवाना रद्द होऊन अवसायक नेमला गेला की त्यानं तीन महिन्यांत ठेवीदारांची यादी द्यायची आणि महामंडळानं पुढच्या दोन महिन्यांत पैसे. बँक नुसती निर्बंधांखाली असेल तर हे घड्याळ सुरूच होत नव्हतं. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अखाली निर्बंध लागलेली बँक म्हणजे जिवंतही नाही आणि मेलेलीही नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला सप्टेंबर २०२२मध्ये. साडेनऊ वर्षं! १९१२ची बँक, पुण्यातल्या कितीतरी घरांतली पेन्शन तिथं जमा व्हायची. दर काही महिन्यांनी निर्बंधांना मुदतवाढ मिळायची आणि वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी यायची.

ही कोंडी सुटली ती २०२१च्या दुरुस्तीनं. कायद्यात १८अ हे कलम आलं: निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत ठेवीदाराला विम्याची रक्कम मिळाली पाहिजे. पंचेचाळीस दिवसांत बँकेनं यादी द्यायची, तीस दिवसांत महामंडळानं ती तपासायची, उरलेल्या पंधरात पैसे. १ सप्टेंबर २०२१पासून ते लागू झालं तेव्हा आधीपासून अडकलेल्या एकवीस बँकांची पहिली यादी निघाली. त्यातल्या अकरा महाराष्ट्रातल्या होत्या. सहकाराची पंढरी म्हणवणाऱ्या राज्यानं या आकड्याकडं जरा वेळ बघत बसायला हवं होतं.

एवढ्या बँका आपल्याकडंच का अडकल्या? एक कारण साधं: नागरी सहकारी बँकाच आपल्याकडं सर्वांत जास्त. दुसरं कारण दोन घरचा पाहुणा उपाशी या जातीचं. १९६६पासून या बँकांना दोन मालक. परवाना, राखीव निधी रिझर्व्ह बँकेकडं. नोंदणी, निवडणूक, संचालक मंडळ सहकार निबंधकाकडं. एक सांगणार, दुसरा फाईल फिरवणार. २०२०च्या दुरुस्तीनं रिझर्व्ह बँकेचा हात बराच मोकळा केला. तोवर पीएमसी होऊन गेली होती.

पीएमसीत झालं ते वाचताना आजही चीड येते, आणि थोडं नवलही वाटतं. २४ सप्टेंबर २०१९ला खातेदारांना कळलं की आता खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. आठ हजार कोटींच्या वर कर्ज वाटलेल्या या बँकेचं सुमारे साडेसहा हजार कोटींचं कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडं होतं. तपासात पुढं आलं की त्या समूहाची ४४ खाती लपवण्यासाठी त्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती दाखवली होती. ही खाती बँकेच्या संगणक प्रणालीत नव्हतीच; ती फक्त रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत होती. एकवीस हजार कर्जदार, आणि त्यातल्या एकाचंही घर शोधत कुणी गेलं नाही.

पीएमसी जानेवारी २०२२मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतचे ठेवीदार सुटले. त्यावरच्यांना टप्प्याटप्प्यानं, आणि शेवटचा टप्पा दहा वर्षांनी. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षांचा वायदा! खऱ्या अडकल्या त्या गृहनिर्माण संस्था. सोसायटीत ऐंशी बिऱ्हाडं असली तरी विम्याच्या हिशेबात ती एकच ठेवीदार, तेव्हा लिफ्टचा, गच्चीच्या दुरुस्तीचा, रंगाचा सगळा निधी मिळून पाच लाख. उलट एखाद्या जोडप्यानं संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला, एकात नवरा आधी, दुसऱ्यात बायको, तर दोन्हींना वेगळा विमा. नियम आहे तो असा आहे.

विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदार नाही. २०२०मध्ये तो शंभर रुपयांना बारा पैसे झाला. वर्षानुवर्षं सगळ्यांना दर एकच होता: कसून कारभार करणारी बँक असो की संचालकांच्या मेव्हण्यापाव्हण्यांना कर्ज वाटणारी. हप्त्याचा फार मोठा वाटा व्यापारी बँकांचा, भरपाया मात्र बहुतेक सहकारी बँकांच्या. अपघात करणाऱ्या आणि न करणाऱ्या ड्रायव्हरला एकच हप्ता लावला तर गाडी कोण जपून चालवील? जोखमीप्रमाणे हप्ता आकारण्याचं रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं ते ऑक्टोबर २०२५मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोरीतून १२२ कोटींची रोकड गायब असल्याचं उघड झालं होतं. इथं बनावट खात्यांची भानगडही नव्हती. तिजोरी उघडून नोटा मोजल्या असत्या तरी पुरे होतं. कामगारांसाठी १९६८मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही बँक ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली.

मामांचं म्हणाल तर उशिराचा फायदा झालेला हा माझ्या पाहण्यातला एकमेव माणूस. वाट बघता बघता मर्यादा एकाची पाच लाख झाली आणि नव्या कलमाखाली तिन्ही पावत्या एका रकमेत मोकळ्या झाल्या. दरम्यान गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी जावयापुढं हात पसरावा लागला होता, ते त्यांनी अजून मनातून काढलेलं नाही. पैसे घेण्याआधी, आपण रक्कम घ्यायला राजी आहोत असा अर्ज भरायचा होता. बँकेतली मुलगी म्हणाली, "आजोबा, इच्छापत्र आणलंत का?" मामा दचकले. मग दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा नंबर लिहून त्यांनी सही केली.

गेल्या दिवाळीत ते मला नवी पावती दाखवत होते. गावातल्या पतसंस्थेची. राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा दीड टक्का जास्त व्याज. पतसंस्थेच्या ठेवींना हा विमा नाही, पाच लाखांचाही नाही आणि पाच रुपयांचाही नाही, असं मी त्यांना सांगितलं.

"माहीत आहे," मामा पावतीची घडी घालत म्हणाले. "पण चेअरमन आपल्या डेपोतलाच आहे."