क्षयरोगाचे उपचार अर्धवट का सुटतात?

क्षयरोग आज पूर्णपणे बरा होऊ शकतो. औषधांना दाद देणाऱ्या नेहमीच्या क्षयरोगावर सहा महिन्यांचा उपचार दिला जातो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे आणि पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन, असा हा क्रम असतो. शासकीय कार्यक्रमात ही औषधे विनामूल्य मिळतात. तरीही काही रुग्ण मध्येच औषध सोडतात आणि आपण त्यांना ‘निष्काळजी’ म्हणून मोकळे होतो. वस्तुतः या खंडामागे ठरावीक कारणे असतात. ती वेळीच ओळखली, तर त्यांतील अनेक दूर करता येतात.

पहिले कारण चमत्कारिक वाटेल. ते म्हणजे औषध लागू पडणे! काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागू लागते. रुग्णाला वाटते, आपण बरे झालो. परंतु शरीरात काही जंतू सुप्तावस्थेत शिल्लक असतात आणि पुढील महिन्यांचे औषध त्यांच्यासाठीच असते. ते थांबल्यास रोग उलटू शकतो. अनियमित औषध घेतल्याने जंतू औषधांना दाद न देणारे होण्याचा धोकाही वाढतो. मग उपचार अधिक कठीण होतात आणि अशा जंतूंचा संसर्ग घरातील इतरांनाही होऊ शकतो.

दुसरे कारण औषधांचा त्रास. मळमळ, सांधेदुखी, पायांना मुंग्या येणे अशा तक्रारी काहींना होतात. रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते. हे निरुपद्रवी आहे. पण आधी सांगितले नसेल तर रुग्ण घाबरतो. बहुतेक तक्रारींवर उपाय असतो. मात्र कावीळ, सततच्या उलट्या किंवा दृष्टीत फरक जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

तिसरे कारण पोटापाण्याचे. मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या संशोधन केंद्राने काही रुग्णांना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या साध्या घरी ठेवून औषधे दिली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील रुग्ण जवळजवळ सारखेच बरे झाले आणि घरच्या मंडळींना होणाऱ्या संसर्गातही वाढ दिसली नाही. क्षयरुग्णाला घरापासून दूर ठेवण्याची गरज त्यामुळे उरली नाही. मात्र रुग्ण खरोखर गोळ्या घेतात की नाही, हे पाहण्यासाठी त्या काळीही अचानक घरभेटी द्याव्या लागत. पुढे १९९७ पासून देशात डॉट्स पद्धत आली. आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली औषध घेण्याची ही पद्धत अनेकांना उपयोगी पडली; पण रोजंदारीवरील माणसाला केंद्रावर जाणे म्हणजे कामाचा खाडा. २०१७ पासून देशभर दररोजच्या एकत्रित गोळ्या देण्यास आरंभ झाला.

आपल्या महाराष्ट्रातील ऊसतोडणी कामगारांचे उदाहरण पाहावे. बीड व परिसरातील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. तोडणीचा हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा, म्हणजे जवळपास उपचाराइतकाच लांब. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पती-पत्नींचा मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. एकाने अंथरूण धरले की दोघांचे काम अडते. अशा रुग्णाला केवळ ‘औषध सोडू नका’ असे सांगून भागत नाही. तो कोठे जाणार, हे आधी विचारून तेथील शासकीय केंद्राकडे त्याची नोंद वर्ग करावी लागते.

चौथे कारण लोकलज्जा. वेगळे ताट, शेजाऱ्यांची कुजबुज, मुलीचे लग्न मोडण्याची भीती यांपायी गोळ्या लपवून घेतल्या जातात आणि पाहुणे आले की चुकतात. नव्या सुनेला तर रोग सांगण्याचीही चोरी असते. वास्तविक क्षय हवेतून पसरतो, ताटावाटीतून नव्हे. आणि योग्य औषधे नियमित सुरू झाल्यावर संसर्गाची शक्यता झपाट्याने घटते. दारूचे व्यसन व मनाची उदासी हीदेखील खंडाची मोठी कारणे होत.

रिकाम्या पोटी मळमळ वाढते, म्हणून अन्न हाही उपचाराचाच भाग मानावा. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या अभ्यासात शिधा मिळालेल्या रुग्णांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. शासनाकडून एप्रिल २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. ती थेट बँक खात्यात जमा होते. म्हणून ज्याचे खाते नाही, त्याला ते उघडून देणे हीही रुग्णसेवाच आहे.

रुग्णांच्या आप्तेष्टांना आमची विनंती आहे, की तिसऱ्या महिन्यात अधिक सावध राहावे. रोजची गोळी कोणाच्या तरी देखत घेतली जावी. एखादा दिवस चुकल्यास रागावू नये, कारण विचारावे. देणगीदारांनी व विश्वस्तांनीही लक्षात घ्यावे, की शिध्याची एक पिशवी, बसभाडे किंवा घरभेटीला जाणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन हे खर्च यंत्रसामग्रीसारखे डोळ्यांत भरत नाहीत. परंतु सहाव्या महिन्याची शेवटची गोळी रुग्णाच्या हाती पडते, ती पुष्कळदा त्यांच्याच बळावर.